गोचिडीची लस म्हणजे नेमकी कोणती? कालवड गेल्यावर विचारतेय

गोदाकाठची गोठेवाली, कोपरगाव तालुका

नमस्कार. आमच्याकडे सात संकरित होलस्टिन गाई आणि तीन कालवडी. कालवडी आता दोनच राहिल्यात. चांदी, आठ महिन्यांची, मृग लागता लागता गेली. तिच्याबद्दलच विचारायचंय. थोडं लांबेल, पण सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे चुकलं कुठं ते कळेल.

पाडव्यानंतर गोठ्यात गोचिडी फार वाढल्या. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, कासेच्या वर जांघेत, शेपटीच्या मुळाशी. धार काढायला बसलं की गाई पाय झाडायच्या. आमच्या भागात गुरांना औषधपाणी करणारे एक गृहस्थ येतात. ते म्हणाले, "वहिनी, गोचिडीची लस आलीय, एकदा टोचली की वर्षभर बघायला नको." दहाही जनावरांना मानेजवळ कातडीखाली टोचली. बाटली त्यांच्या पिशवीत गेली, मी नाव वाचलं नाही, पावती मागितली नाही. आठ-दहा दिवसांत गोचिडी खरंच गळाल्या. त्यामुळं माझा विश्वास बसला आणि फवारणी बंद केली.

मे संपता संपता गोचिडी परत चढल्या. तरी मी घाबरले नाही. लस दिलीय, चावल्या तर चावल्या, आजार काही होणार नाही, असं धरून चालले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चांदीनं वैरण सोडली. अंगाला हात लावला तर तवा. ताप १०६. खांद्याच्या पुढं एक गाठ आली होती, आधी लिंबाएवढी, दोन दिवसांत माझ्या मुठीत मावेना. तीन दिवस तापाची आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी खालची पापणी ओढून मला दाखवली, आत पांढरंफटक, आणि त्या पांढऱ्यावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके. ते ठिपके मला अजून दिसतात. कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेतलं, गोचीड ताप म्हणाल्या, लगेच त्यावरचं बुपारव्हाक्वोन हे औषध दिलं. "दोन दिवस आधी मिळालं असतं तर," एवढंच बोलल्या. सहाव्या दिवशी पहाटे मी बाटलीनं पाणी पाजायला गेले तेव्हा तिनं मान टाकलेली होती.

आता विचारायचं ते असं. लस दिलेली असताना गोचीड ताप आलाच कसा? गोचिडीची लस म्हणून खरंच काही असतं का? परदेशात आहे असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. आणि उरलेल्या दोन कालवडींना मी नेमकं काय टोचून घेऊ? एक चार महिन्यांची आहे, एक अकरा महिन्यांची.

सांगोल्याचा दूधवाला

ताई, वाईट झालं. आमच्याकडं दोन वर्षांमागं असंच झालेलं. ती लस नव्हती, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन असणार. आठ दिवसांत गोचिडी गळाल्या म्हणता ना, मग तेच. पन्नास किलो वजनाला एक मिली टोचतात. गोचिडी पाडायला बरं, पण पुढं राहत नाही.

फवारणीचं म्हणाल तर दुकानातलं गुरांचं औषध आता चालतच नाही. मी पंपात शेतातलं औषध थोडं टाकतो, जोरात काम होतं. आणि शक्य असेल तर एक-दोन खिलार ठेवा. आमच्या खिलार गाईवर मोजून चार गोचिडी सापडतात आणि शेजारच्या जर्सीवर ओंजळभर.

पशुवैद्यक, निवृत्त, मराठवाडा

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली आणि ही गोष्ट वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कालवडींच्या नावानं अनेकदा ऐकली. आपल्याकडे "गोचिडीची लस" या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्यातली खरी गोचिडीविरुद्धची लस आपल्या बाजारात विकायला नाही. त्यामुळे ती तुमच्या जनावरांना मिळाली असण्याचा प्रश्नच येत नाही.

सांगोल्याच्या भाऊंचा अंदाज मला बरोबर वाटतो. तर पहिली गोष्ट ही, आयव्हरमेक्टिन. ते औषध आहे. ते रक्तात उतरतं, ते रक्त पिणारी गोचीड लुळी पडते, आणि काही दिवसांनी औषधाचा अंमल संपतो. गाईचं शरीर त्यातून काही शिकत नाही, आणि लस म्हणजे शरीराला शिकवणं. शिवाय हे औषध दुधात उतरतं आणि बरेच दिवस राहतं, म्हणून दुभत्या गाईला ते देऊ नये. तुमच्या गाईंना टोचलं तेव्हा दूध डेअरीला आणि घरात जात असणार. जो टोचून गेला त्याने हे सांगायला हवं होतं. मला याचा राग येतो.

भाऊ, तुम्हाला एक कळकळीनं सांगतो, शेतातलं औषध गाईवर मारू नका. पिकावरच्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेट असलं तर गाय अंग चाटते, कातडीतूनही विष शोषलं जातं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं आणि अ‍ॅट्रोपिन हा उतारा वेळेवर मिळाला नाही तर गाय जाते. गुरांचं औषध "चालत नाही" याला कारणं दोन. डेल्टामेथ्रीन या फवारणीच्या औषधाला दाद न देणाऱ्या गोचिडी आपल्या देशात झाल्यात, हे खरं आहे. पण निम्म्या ठिकाणी फवारणीच पुरी होत नसते. मोठी गाय कातडीपर्यंत भिजायला चार-पाच लिटर द्रावण लागतं. मी पाहिलंय ते असं: एका लिटरमध्ये दोन गाई, तेही पाठीवरून. गोचीड पाठीवर नसतेच. ती कानात, पोळीखाली, जांघेत. थोडं थोडं औषध लागून जी वाचते तिचीच पिलावळ पुढे वाढते.

दुसरी गोष्ट गोचीड तापाची लस. हा आजार थायलेरिया अ‍ॅन्युलाटा नावाच्या एकपेशीय जंतूचा. तो गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीलाच वाढायला लावतो, म्हणून खांद्यापुढची गाठ फुगते. त्या गाठीतलं पाणी सुईनं काढून काचेवर रंगवलं की पेशींच्या पोटात निळे-जांभळे ठिपके भरलेले दिसतात. एकदा पाहिले की विसरत नाहीत. हाच जंतू प्रयोगशाळेत पेशींमध्ये दीर्घकाळ वाढवून दुबळा करतात आणि त्याची जिवंत लस बनवतात. ती आपल्या देशात तयार होते. द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवावी लागते, वीर्यकांड्या ठेवतो तशी. फ्रिजमधली बाटली काढून कोणी "गोचीड तापाची लस" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. दोन महिन्यांच्या पुढच्या वासरांना देतात, गाभण जनावराला देत नाहीत. ही लस कालवडीला त्या तापापासून वाचवते. गोचिडी मात्र तितक्याच चढतात. लाल लघवीचा बबेसिया आणि कावीळ आणणारा अ‍ॅनाप्लाझ्मा यांनाही ती अडवत नाही, कारण ते जंतूच वेगळे.

आता तिसरी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती. ती खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत गोचिडीच्या आतड्यातलं बीएम८६ नावाचं प्रथिन सापडलं आणि त्यावरून टिकगार्ड ही लस १९९४ मध्ये तिथं बाजारात आली. क्युबानं त्याच सुमारास गॅव्हॅक काढली. कल्पना मोठी सुंदर आहे. गाईला ते प्रथिन टोचायचं. गाय त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. गोचीड रक्त पिते तेव्हा ती प्रतिपिंडंही पिते, ती तिच्या आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि आतडं आतून खराब होतं. एरवी फुगलेली गोचीड करडी, एरंडीच्या बीसारखी दिसते. अशा गाईवरची काही लालसर दिसतात, कारण प्यायलेलं रक्त आतड्यातून झिरपून अंगभर पसरलेलं असतं. काही मरतात, बाकीच्या हलक्या राहतात आणि अंडी कमी घालतात. म्हणजे आज टोचली आणि परवा गोचिडी गळाल्या, असं या लसीनं होतच नाही. कमी होते ती पुढची पिढी, तीही सगळ्या कळपाला टोचल्यावर. क्युबात यामुळे औषधाच्या पाळ्या बऱ्याच कमी झाल्या. अर्जेंटिनातल्या एका वाणाच्या गोचिडींवर मात्र बीएम८६ चाललं नाही.

एक अडचण मुळातच आहे. हे प्रथिन गोचिडीच्या पोटात असतं, चावताना ते गाईच्या अंगात येत नाही. त्यामुळे हजार गोचिडी चावल्या तरी गाईच्या शरीराला आधी शिकवलेल्याची आठवण होत नाही. पुन्हा पुन्हा टोचावं लागतं.

आणि आपल्यासाठी याहून मोठी अडचण. ही लस मुख्यतः रिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोचिडीसाठी आहे. ती गोचीड लाल लघवी आणि अ‍ॅनाप्लाझ्मा आणते. तुमच्या चांदीला नेणारा ताप हायलोमा जातीची गोचीड आणते, आणि तिच्यावर बीएम८६ चा फारसा भरवसा नाही. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत हायलोमाच्या अशाच प्रथिनावर काम झालंय, पण दुकानात मिळेल अशी लस अजून नाही.

तेव्हा आधी तुमच्या गोठ्यातली गोचीड कोणती ते बघा. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन भिंतीच्या फटीजवळ थांबा. पायांवर फिके पट्टे असलेली, लांब पायांची, झपझप चालणारी दिसली तर हायलोमा. आखूड पायांची, गाईच्या अंगावरच लहानाची मोठी होणारी ती मायक्रोप्लस. ती बाळ गोचिडीपासून रक्त पिऊन गळून पडेपर्यंत साधारण तीन आठवडे गाईवरच काढते, म्हणून फवारणीची पाळी तिच्यावर चांगली लागू पडते. हायलोमाचं तसं नाही. ती गाईवरून उतरते, फटीत बसून कात टाकते, मग दुसऱ्या जनावरावर चढते. नुसती गाय धुऊन ती संपणार नाही.

अजून एक सांगा. गेल्या वर्षभरात तुमच्या कुठल्या गाईला असाच ताप येऊन ती वाचली होती का? आणि चांदी कुठं बांधलेली होती?

उदगीरचा, सध्या क्वीन्सलंड, ऑस्ट्रेलिया

डॉक्टरांनी लिहिलं त्यात इथली थोडी भर. मी उदगीरला पशुवैद्यक शिकलो, आता रॉकहॅम्प्टनच्या बाजूला मांसाच्या गुरांवर काम करतो. टिकगार्ड इथं आज विकत मिळत नाही. जुने शेतकरी सांगतात की लस काम करायची, पण हजारो एकरांवर पसरलेली जनावरं वर्षातून पुन्हा पुन्हा गोळा करून टोचायची म्हणजे फार कष्ट. ज्या वेळी बाजारात चांगली औषधं होती, त्या वेळी लोकांनी सोपा मार्ग धरला.

इथं ही गोचीड मूळची नाही. १८७२ मध्ये बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) डार्विनला आणलेल्या गुरांबरोबर ती आली आणि उत्तर-पूर्व किनाऱ्यानं पसरली. तिच्यावर इथल्या लोकांना सगळ्यात टिकाऊ उपाय सापडला तो आपल्याच रक्ताचा. ब्राह्मण जातीची गुरं, म्हणजे भारतातून गेलेल्या वशिंडवाल्या जनावरांचा वंश. सांगोल्याचे भाऊ खिलारबद्दल म्हणतात ते खरंच आहे, ही गुरं गोचीड अंगावर टिकू देत नाहीत.

आणि लस म्हणाल तर इथंही शेतकरी जी नेमानं वापरतात ती तापाचीच. ब्रिस्बेनजवळ वाकोल इथं सरकारी केंद्रात तयार होते. त्यात दोन प्रकारचे बबेसिया आणि एक सौम्य अ‍ॅनाप्लाझ्मा, तिन्ही जिवंत. तीन ते नऊ महिन्यांच्या वासरांना एकदाच टोचतात, कारण त्या वयात वासरू ते सहज सोसतं. थंड ठेवून चार दिवसांत वापरावी लागते, म्हणून आधी मागणी नोंदवून मगच जनावरं गोळा करतात. ताई, ही लस तुमच्या कामाची नाही, तुमचा जंतू इथं नाहीच. पण टोचायच्या बाटलीचं नाव वाचणं आणि तारीख लिहून ठेवणं इथं प्रत्येक शेतकरी करतो, एवढं जरूर उचला.

सांगोल्याचा दूधवाला

डॉक्टर, शेतातलं औषध बंद केलं. घरात सांगितलंय, त्या डब्याला गोठ्यात जागाच ठेवायची नाही. माझ्याकडून एक चांगली गोष्ट: गावरान कोंबड्या सोडा. आमच्याकडं बारा आहेत. दुपारी गाई बसल्या की त्या कासेजवळच्या, पायाजवळच्या फुगलेल्या गोचिडी टिपून काढतात. फवारणीच्या दिवशी मात्र कोंबड्या कोंडून ठेवायच्या.

गोदाकाठची गोठेवाली

तीन दिवस लिहायला जमलं नाही. काल रात्री मी आणि माझी मुलगी बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो. आमच्या गोठ्याची पश्चिमेची भिंत सासऱ्यांच्या वेळची आहे, दगड आणि माती, वरून शेणानं सारवलेली. गव्हाणीच्या मागं खाली एक फट आहे, माझं बोट आत जातं. दहा-पंधरा मिनिटं काही दिसलं नाही. मग मुलगी म्हणाली, "आई, भिंत चालतेय." खरंच तसं वाटलं. फटीतून तपकिरी गोचिडी एकामागं एक खाली उतरत होत्या, चपळ, लांब पायांच्या. मी चिमट्यानं धरून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकल्या. एकोणीस भरल्या. सकाळी उजेडात बघितलं, पायांवर फिकट पट्टे, बांगड्या घातल्यासारखे.

डॉक्टर, तुम्ही विचारलंत ते वाचून मी उठूनच बसले. गेल्या वर्षी श्रावणात आमच्या लक्ष्मीला ताप आला होता, गाठी आल्या होत्या. तिला वेळेवर औषध मिळालं आणि ती वाचली. आज पंधरा लिटर देते. चांदी त्याच भिंतीला, लक्ष्मीच्या शेजारच्या दाव्याला बांधलेली होती. म्हणजे हा आजार लक्ष्मीकडून आला का? आणि मग लक्ष्मीला विकावं का? घरात तसं बोलणं चाललंय. ती माझ्या माहेरची गाय आहे.

आयव्हरमेक्टिनच्या दिवसांतलं दूध डेअरीला गेलं, माझ्या मुलीनंही प्यायलं. हे वाचल्यावर फार लागलं. डेअरीच्या सचिवांना मी स्वतः जाऊन सांगितलं आणि गावातल्या बायकांच्या गटातही सांगितलं, कारण त्याच माणसानं अजून सहा गोठ्यांत तीच "लस" टोचलीय.

पशुवैद्यक, निवृत्त, मराठवाडा

लक्ष्मीला विकू नका, ताई. बरी झालेली गाय हा जंतू रक्तात थोडा बाळगून असते, तिला स्वतःला त्याचा त्रास नसतो. लहान गोचीड तिचं रक्त प्यायली, फटीत जाऊन कात टाकली, मोठी झाली आणि चांदीवर चढली, असं झालं असावं. गोचीड स्वतः ताप घेऊन जन्मत नाही, तिला आधीच्या अवस्थेत एखाद्या गाईकडूनच तो मिळतो. लक्ष्मी विकलीत तर दुसऱ्याच्या गोठ्यात तेच होईल आणि तुमच्या फटीतल्या गोचिडी तुमच्याकडेच राहतील. मधला दुवा भिंत आहे. तो तोडा.

त्या भिंतीच्या फटी आधी गोचिडीच्या औषधाच्या द्रावणानं आतपर्यंत भिजवा, दोन दिवस गुरं बाहेर बांधा, मग सिमेंटनं लिंपून घ्या. गव्हाणीखालची जागा विसरू नका. फ्लेम गन, म्हणजे आगीचा झोत मारायचं यंत्र, मिळाली तर दगडी भागावर चालवा, पण वर पाचट किंवा कडबा असेल तर अजिबात नको. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा, अंड्यांतून निघालेली बारीक पिलं तेव्हा दिसतील. भिंत होईपर्यंत रोज संध्याकाळी दोन्ही कालवडींच्या कानांत आणि जांघांत हात घालून गोचिडी काढा. गोचीड चिकटल्यावर तिच्या लाळेतला जंतू तयार व्हायला दोनेक दिवस लागतात, तेवढ्यात काढली तर कालवड वाचते. काढलेली बोटानं चिरडू नका, रॉकेलच्या डब्यात टाका.

लसीचं असं करा. चार महिन्यांची कालवड वयात बसते. अकरा महिन्यांचीही देता येईल, पण ती माजावर आली असेल आणि रेतन केलं असेल तर आधी तसं सांगा. दोघींचा ताप त्या दिवशी मोजा, ताप असेल तर टोचायची नाही. लस टाकीतून काढून वितळवली की लगेच वापरावी लागते, एकट्या गोठ्यासाठी आणणं अवघड पडतं. तुमच्या गटातल्या बायकांकडून दोन महिन्यांच्या पुढच्या सगळ्या संकरित कालवडींची यादी करा आणि त्या मॅडमकडे द्या, त्या मागवायचा प्रयत्न करतील. दरम्यान कुठल्याही कालवडीला ताप आणि गाठ दिसली तर चौथ्या दिवसाची वाट न बघता १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकाला फोन लावा.

गोदाकाठची गोठेवाली

यादी सुरू केलीय. आज संध्याकाळपर्यंत चौदा कालवडी झाल्या. गवंडी शुक्रवारी येतोय. बरणी तशीच ठेवलीय, गटातल्या बायकांना पायांवरचे पट्टे दाखवायला.